रिकाम्या मुठींचं वजन

बाई,

आपलं शेवटचं बोलणं वांग्यांवरून झालं. आठवडी बाजारात तुम्ही माझ्या पिशवीत डोकावलात, एक वांगं दाबून पाहिलंत आणि म्हणालात, "साम्या, बियांची हायेत रे ही. अख्ख्या बाजाराची वजनं लिहितूस अन् तुला साधं वांगं कळंना." मी म्हणालो, "स्वस्त मिळाली, बाई." "मंग बराबर फसलास," असं म्हणून तुम्ही हसलात आणि कोथिंबिरीकडे वळलात. मी घरी आलो.

मला त्या दिवशी दुसरंच बोलायचं होतं. ते वाक्य मी जवळजवळ वर्षभर तयार करून ठेवलं होतं. पण बाजारात, इतक्या लोकांत कसं बोलायचं? रविवारी चर्चमधल्या उपासनेनंतर बोलू असं ठरवलं. गुरुवारीच तुम्ही गेलात.

येत्या रविवारी तुमची स्मरणसभा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत तुम्ही किती वर्षं शिकवलंत, कुठे कुठे बदल्या झाल्या, हे पाळकसाहेब सांगणार आहेत. मला त्यांनी उन्हाळी बायबल शाळेबद्दल चार शब्द बोलायला सांगितलं आहे, चर्चच्या मंडळीचा खजिनदार म्हणून. त्यांना बिचाऱ्यांना वाटतं मी खर्चाचे आणि हजेरीचे आकडे सांगून खाली बसेन. जवळा बाजारच्या आडतीवर मुनीमकी करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. आकडे तर येतीलच. पण यंदा ते माझ्याविरुद्ध आहेत, म्हणून सगळं लिहून काढतो आहे. तोंडी बोललो तर मी काहीतरी गाळीन.

सभेत बाहेरची माणसंही असतील. त्यांच्यासाठी थोडं सांगावं लागेल. तुम्हाला ते ऐकून कंटाळा येईल, पण ऐका. आपली शाळा मे महिन्यात दहा दिवस, सकाळी सात ते साडेदहा. त्यानंतर पत्र्याखाली बसवत नाही. मंडळी तेवीस घरांची, आपली स्वतःची पोरं पंचवीस-तीस. शाळेत मात्र ऐंशी-नव्वद. बाकीची सगळी आजूबाजूची: शेतकऱ्यांची, बौद्ध वस्तीतली, दोन-चार मुसलमानांची. मे महिन्यात सरकारी शाळा बंद, म्हणजे तिथली खिचडीही बंद, आणि आया हळदीच्या कामावर. कोणाच्या घरी कोणाचा फोटो आहे हे तुम्ही कधी विचारलं नाही. पोरं गाणी म्हणायची, गोष्ट ऐकायची, वचन पाठ करायची, चित्र रंगवायची आणि खाऊन घरी जायची.

फी नव्हती, मूठ होती. दारात एक मडकं ठेवलेलं असायचं. त्याच्या तोंडाला जाड फडकं बांधलेलं, मधोमध हात जाईल एवढी चीर, आणि त्या चिरेला परकरासारखी नाडी ओवलेली. प्रत्येक पोराने घरातून मूठभर धान्य आणायचं. ज्वारी, तांदूळ, मूग, तूर, काहीही चालेल. मूठ बंदच ठेवायची, तशीच फडक्याच्या आत न्यायची, आत उघडायची आणि हात बाहेर काढायचा. गिरणीत सगळं एकत्र भरडून दुसऱ्या दिवशी त्याच्या कण्या शिजायच्या. हळद-मीठ, वर ताक. कोणाच्या मुठीतून काय पडलं हे कोणालाच दिसायचं नाही. तुम्ही मडक्याशेजारी उभ्या असायच्या, पण तोंड नेहमी रस्त्याकडे. "ये गं बाई, ये. केस कोणी विंचरले आज? कावळ्यानं?" असं काहीतरी चाललेलं असायचं.

मी खजिनदार झालो आणि मला पहिली गोष्ट खटकली ती तुमचं "मी बघते". वह्या, रंग, गूळ, तेल, गॅस, सगळं मिळून खर्च अकरा हजार चारशे. मंडळीच्या निधीतून सात हजार. उरलेले चार हजार चारशे कुठून आले असं विचारलं की तुम्ही म्हणायच्या, "मी बघते." "मी बघते" याला पावती नसते, बाई. इकडे चर्चचे पत्रे गळत होते. माझं म्हणणं साधं होतं: पोरामागे शंभर रुपये घ्या. फुकटाची किंमत राहत नाही, पैसे भरले तर आईबाप पोरांना वेळेवर पाठवतील. यात वाईट हेतू नव्हता असं मी आजही म्हणतो. पण मला जिंकायचंही होतं, आणि मडकं मध्ये येत होतं. मी फीचं काढलं की कमिटीतलं कोणीतरी म्हणायचंच, "पोरं मूठ तर आणतेतच की."

म्हणून मी वजन केलं. दोन वर्षांपूर्वी, शाळेच्या चौथ्या दिवशी. आडतीवरचा छोटा काटा पिशवीत घालून आणला. सगळी पोरं तुमच्याभोवती गाणं म्हणत होती, तेवढ्यात मडकं ओतून धान्य मोजलं. त्या दिवशी पोरं शहाऐंशी. घरी आदल्या दिवशी मी माझ्या नऊ वर्षांच्या धाकट्या मुलीची मूठ पाच वेळा मोजून ठेवली होती. सरासरी चाळीस ग्रॅम. म्हणजे मडक्यात तीन किलो चारशे चाळीस हवेत. निघाले दोन किलो दीडशे. भागाकार केला. चोपन्न मुठी भरलेल्या. बत्तीस रिकाम्या.

कमिटीच्या बैठकीत मी हा कागद वाचून दाखवला. वाचताना मला बरं वाटत होतं, तेही लिहितो. शेवटी म्हणालो, "म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून जास्त पोरं नुसता हात घालून काढतात. याला आपण दान म्हणतो."

सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही चष्मा काढून पदराला पुसलात.

"म्हाईत हाय मला," तुम्ही म्हणालात. "म्हणून तर फडकं लावलं."

मग माझ्याकडे बघून म्हणालात, "येशूनं पाच भाकरींत पाच हजार माणसं जेवू घातली. तू तिथं असतास न साम्या, तर भागाकार करून सगळ्यायला उपाशी घरी लावून दिलं असतंस." सगळे हसले. मीही हसलो. आणि मतं घेतली तेव्हा फीच्या बाजूने पाच पडली, विरुद्ध दोन. सवलतही ठेवली होती, कमिटी निर्दय नव्हती. ज्याला जमत नसेल त्याने खजिनदाराकडे येऊन नाव आणि कारण लिहून द्यावं.

गेल्या वर्षी पहिल्या दिवशी मी दारात टेबल मांडलं. मडकं जिथे असायचं तिथेच, कारण सावली तिथेच असते. पावतीपुस्तक, शिक्का, सुटे पैसे. तुम्ही आत गेलात आणि पेटीवर सूर धरलात.

कांताबाई आली तेव्हा पावणेसात वाजले असतील. बौद्ध वस्तीतली, हळदीच्या कामावर जाणारी, डब्याची पिशवी हातात. बरोबर दोन पोरी. दोघींची वेणी घट्ट घातलेली, दोघींना धुतलेले कपडे. तिने शंभराची नोट टेबलावर ठेवली.

"मुनीम, एक पावती करा. पाच दिवस थोरली येईन, पाच दिवस धाकटी."

मी म्हणालो, "पावती एका नावाची असते."

"मंग दोघींचं नाव टाका की. जागा हाय न तेवढी?"

"जागेचा प्रश्न नाही. एका पोराची एक वही, एक रंगपेटी. तसं बसत नाही."

"वही दोघी एकच वापरतेत. घरीबी तसंच हाय."

मागे रांग होती. मी सवलतीचा कागद पुढे केला. म्हणालो, "अडचण असेल तर दुसरीचे माफ होतील. इथं कारण लिहा."

तिने कागदाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "काहून लिहू? पैसे आणलेत न मी. फुकट मागून राहिले काय तुमाला?"

"नियम आहे," मी म्हणालो.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मी तिला उद्धट ठरवून मोकळा झालो असतो. तिने नोट उचलली, चार घड्या घालून कमरेला खोचली आणि पोरींना म्हणाली, "चला गं." धाकटी तिच्यामागे लगेच गेली. थोरली दोन पावलं मागे राहिली. ती टेबलाच्या खाली, आजूबाजूला काहीतरी शोधत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की तिची उजवी मूठ बंद आहे. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की आता मडकं नाही. ती तशीच मूठ धरून आईच्या मागे गेली. मूठ भरलेली होती की रिकामी, मला माहीत नाही.

आत पेटी थांबली होती. तुम्ही खिडकीत होतात.

त्या दिवशी दुपारी आपलं भांडण झालं. तुम्ही पहिल्यांदाच मला साम्या म्हणाला नाहीत. "खजिनदार," म्हणालात, "त्या पोरी माघारी काहून गेल्या?" मी सगळं सांगितलं: नियम, रांग, सवलत. तुम्ही म्हणालात, "शंभर रुपयं देऊन राहिली व्हती ती बाई. ते घेता न्हाई आलं?" मी म्हणालो, "एकीला सूट दिली की उद्या दहा जणी येतात. माझ्या हिशेबात काय चूक आहे ते दाखवा." तुम्ही म्हणालात, "हिशेब बराबर हाय. तूच चुकून राहिलास." मी विचारलं, "मग पैसे आणायचे कुठून? सांगा." तुम्ही म्हणालात, "त्ये मला न्हाई म्हाईत."

तिथे आपलं भांडण थांबलं. तुमच्याकडे उत्तर नाही, म्हणजे मी जिंकलो, असं मी धरून चाललो. त्या वर्षी पोरं एक्केचाळीस. जमा चार हजार शंभर. प्रत्येकाला नवी वही, प्रत्येकाला केळं, आणि वार्षिक सभेत मी सांगितलं की शाळेचा हिशेब पहिल्यांदाच शिलकीत आहे, सहाशे चाळीस रुपये. एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही वाजवल्या नाहीत, पण माझ्यावर रागही धरला नाहीत. पुढच्या आठवड्यात माझ्या घरी लिंबाचं लोणचं पाठवलंत. मला वाटलं, म्हातारीने मनावर घेतलं नाही. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

आता जे वर्षभर बोललो नाही ते.

मुठी रिकाम्या असतात हे मला काट्याने सांगितलं नाही. ते मला आधीच माहीत होतं. नाहीतर कोणाच्या डोक्यात येतं पोरांच्या मुठी मोजायचं? मी सात वर्षांचा असताना बाबांचं काम सुटलं होतं आणि घरात मोजकंच धान्य होतं. त्या मे महिन्यात माझी आई मला दाराशी उभं करायची, माझी बोटं एकेक करून मिटवायची आणि सांगायची, "आज अशीच ने. पण घट्ट धर. सैल धरली तर दिसतं." मी रस्ताभर इतकी घट्ट धरायचो की तळहातावर नखं उमटायची. मडक्यात हात घालताना मी आत बोटं हलवायचो, म्हणजे दाणे पडले असं वाटावं. पहिल्या दिवशी मी खरे मूग नेले होते. उरलेले नऊ दिवस मी दुसऱ्यांच्या मुठींच्या कण्या खाल्ल्या. पोटभर. दोनदा मागून घेतल्या.

त्या नऊ दिवसांच्या जोरावर मी काटा आणला, बाई. माझं झाकलेलं मला ठाऊक होतं, म्हणून दुसऱ्यांचं उघडं कसं पाडायचं हेही ठाऊक होतं. कमिटीत कागद वाचताना मी त्या बत्तीस पोरांत मला मोजलं नाही. मी स्वतःला चोपन्नांत धरलं होतं.

तुम्हाला हे सांगायचं होतं. बाजारात, पिशवीत वांगी घेऊन, ते ओठांपर्यंत आलं होतं.

तुम्ही गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी आईला विचारलं. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, कान मंद झालेत. हे सभेत वाचायचं तर घराची जुनी गोष्ट बाहेर येणार, म्हणून तिची परवानगी हवी होती. मी तिच्या कानाशी मोठ्याने सगळं सांगितलं. मला वाटलं ती रडेल, नाहीतर नको म्हणेल.

"वाच की," ती म्हणाली. "मी काय कोणाची चोरी केली व्हती?"

"बाईंना हे कधी कळलं नाही," मी म्हणालो.

"कोणाला? बाईला?" ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मी दोन आणि दोन पाच म्हणालो. "अरे, बाईच आल्या व्हत्या न आपल्या घरी. दुसऱ्या दिशी तू गेलाच नव्हतास, मी तुला ठिवून घेतलं व्हतं लाजंनं. तर सांजच्याला आल्या. म्हणल्या, मूठ रिकामी असली तरी लावून दे त्याला. फडकं कशापायी हाय मंग?"

मी तिला पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "तुला म्हाईत नव्हतं व्हय? इतका हुशार तू."

म्हणजे नऊ नव्हे, आठ दिवस. तो आकडाही मी इतकी वर्षं चुकीचा धरून चाललो होतो.

आणि म्हणजे त्या बैठकीत, मी बत्तीस रिकाम्या मुठींचा कागद वाचत असताना, तुम्हाला तेहतिसावी समोर दिसत होती. तुम्ही चष्मा पुसत होतात तेव्हा. तुम्ही एकच वाक्य बोलला असता, "साम्या, तू काय आणत होतास रे?" तर ठराव तिथेच पडला असता. पाच मतांतलं एकही टिकलं नसतं, माझंसुद्धा. तुम्हाला फी किती नको होती हे मला माहीत आहे. तरी तुम्ही भाकरींची गंमत केलीत, सगळ्यांना हसवलंत आणि मत हरलात. कमिटीसमोर माझी मूठ उघडण्यापेक्षा तुम्ही शाळेतली पंचेचाळीस पोरं गमावलीत. हे बरोबर केलंत का, बाई? मला खरंच कळत नाही. त्या पोरींच्या बाजूने पाहिलं तर तुम्ही बोलायला हवं होतं. हे भांडण मी तुमच्याशी भांडलो असतो. त्यात मी पहिल्यांदाच तुमच्या बाजूने असतो आणि तुम्ही माझ्या.

आडतीवर मला चिकटवलंत तेही तुम्हीच. शेठला म्हणाला होतात, "पोरगं हिशेबाला पक्कं हाय, अन् त्याचा हात साफ हाय." त्या वाक्यावर मी घर बांधलं, थोरल्या मुलीला नांदेडला शिकायला ठेवलं. साफ हात. तुम्ही कशाला साफ म्हणत होतात, हे आता विचारता येत नाही.

परवा मी कांताबाईकडे गेलो. तुमच्या दफनाला ती आली होती, कुंपणापाशी दोन्ही पोरींना घेऊन उभी होती. तेव्हा बोलायचा धीर झाला नाही. परवा गेलो तर ती दारात भांडी घासत होती. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"या मुनीम. आज काय, वसुली?"

मी म्हणालो, "यंदा शाळेला पोरींना पाठवा. दोघींना. पैसे नाहीत, कागदबिगद काही नाही."

तिने हातातलं पातेलं उपडं ठेवलं. मग एकदम विचारलं, "बाई सांगून गेल्या काय तुमाला?"

आणि मी म्हणालो, "व्हय."

तिचे डोळे भरले. म्हणाली, "मंग येतील. बाईचा शबुद हाय तो." तिने मला बसायला पाट दिला, चहा केला. थोरली चहा घेऊन आली. मी तो पूर्ण प्यालो आणि निघालो.

तुम्ही मला काही सांगून गेला नाहीत. तुम्ही वांग्यांबद्दल बोललात. मी आपणहून आलो आहे, मला लाज वाटते म्हणून आलो आहे, असं म्हणायला मला दोन वाक्यं पुरली असती. त्याऐवजी मी तुमचं नाव पुढे केलं, आणि तिने जो चहा तुमच्यासाठी केला तो मी प्यालो.

रविवारी स्मरणसभेनंतर लगेच कमिटी बसणार आहे. फी काढून टाकावी असा ठराव मीच मांडणार आहे. पत्रे अजून गळतात आणि चार हजार चारशेचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. तसं मी कमिटीला सांगेन. पडला ठराव तर पडला. पण त्याआधी हा कागद वाचायचा आहे, आणि त्या सभेला मी कांताबाईला बोलावलं आहे. ती येते म्हणाली. तुमच्यासाठी येते म्हणाली.

तेव्हा बाई, इथून पुढचं तुमच्याशी नाही.

कांताबाई, बाईंनी मला पाठवलं नव्हतं. त्या दिवशी टेबलावर तुमची नोट न घेणारा माणूस आपणहून तुमच्या दारात आला होता, आणि तेवढं कबूल करायला तो लाजला. आता पोरींना पाठवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.